लहान लेआउटवर मालगाडीचं खरंखुरं शंटिंग कसं आणावं?

खाडीकाठ (चिपळूण)

नमस्कार मंडळी. माळ्यावर प्लायच्या एका अख्ख्या शीटवर, म्हणजे ८ बाय ४ फुटांत, एचओ स्केलचा (खऱ्याच्या १:८७) छोट्या रेल्वेचा लेआउट दोन वर्षांपासून उभा करतोय. बाहेरून एक लंबगोल, पुढच्या अंगाला एक लूप (मेन लाईनला समांतर, दोन्ही टोकांना तिला जोडलेला रूळ) आणि लूपच्या डाव्या टोकाला आत फुटणारी एक डेड एंड सायडिंग, म्हणजे पुढे बंद असलेला फाटा. सायडिंगच्या कडेला जांभ्याचा मालधक्का. माती आमच्या परड्यातलीच, जांभा कुटून चहाच्या गाळणीने चाळलेली. गवत काथ्याचं. स्टेशनचं नाव ‘आंबेवाडी रोड’, कारण राजापूर रोड, संगमेश्वर रोडसारखं आमचंही गाव रुळापासून लांब आत आहे असं मी धरलंय.

गाडी छान फिरते. पण गेल्या रविवारी माझ्या आठ वर्षांच्या मुलाने विचारलं, “बाबा, ही मालगाडी सामान कुठे उतरवते?” मालधक्का समोर होता, गाडी त्याच्यासमोरून गेली आणि परत आली. मला उत्तर देता आलं नाही. तो प्रश्न डोक्यातून जात नाहीये.

परदेशी व्हिडिओंत शंटिंग करून, म्हणजे इंजिनाने वॅगन तोडून-जोडून, एकेक वॅगन वेगवेगळ्या कारखान्यांपुढे लावतात. बघायला फार सुंदर वाटतं. आपल्या लेआउटवर तसंच करावं का? नवीन रूळ घालायला जागा नाही. सहा बंद वॅगन, एक ब्रेक व्हॅन आणि एक डिझेल इंजिन एवढाच संसार आहे.

सहा_फूट (ठाणे, मूळ देवगड)

पोरगा गुणी आहे, त्याला आधी एक आंबावडी द्या.

तुमच्या प्रश्नाला जुनं आणि खणखणीत उत्तर म्हणजे इंगलनूक सायडिंग्ज, शंटिंगचं एक कोडं. ॲलन राइट या इंग्लिश मॉडेलरची कल्पना. तीन फाटे: एकात पाच वॅगन मावतात, दोनांत तीन-तीन. शंटिंग नेकमध्ये, म्हणजे इंजिन पुढे-मागे करायच्या रुळावर, इंजिन आणि तीन वॅगन. एकूण आठ वॅगन. आठ चिठ्ठ्यांतून पाच काढायच्या आणि ज्या क्रमाने निघाल्या त्याच क्रमाने त्या पाच वॅगन जोडून दाखवायच्या. असे क्रम ६,७२० होतात, त्यामुळे कंटाळा येत नाही.

माप काढून देतो. आपली बीसीएनएचएल जातीची बंद वॅगन सुमारे ११ मीटर, म्हणजे १:८७ मध्ये साडेबारा सेंमी. तीन वॅगनना ३८ सेंमी, पाचांना ६३. इंजिन २० सेंमी धरलं तर नेक ५८. मध्ये दोन पॉइंट, म्हणजे रूळ बदलायचे सांधे. हे सगळं सहा फुटांच्या फळीवर बसतं, माझ्याकडे कपाटावर बसलंय. दिवाळीपासून रोज रात्री जेवणानंतर एक डाव होतोच.

ब्रेकव्हॅन (रत्नागिरी)

मी मालगाडीवर गार्ड होतो, आता त्या पदाला ट्रेन मॅनेजर म्हणतात. खाडीकाठ, तुमचा लेआउट वाचून आनंद झाला, पण एक गोष्ट स्पष्ट सांगतो. एकेक वॅगन वेगवेगळ्या दारात नेऊन लावणं आपल्याकडे आता होत नाही. १९८० च्या दशकापासून भारतीय रेल्वे ब्लॉक रेकवर गेली. रेक म्हणजे एकत्र जोडलेल्या वॅगनचा अख्खा संच. एका ठिकाणी अख्खा रेक भरायचा, दुसऱ्या ठिकाणी अख्खा उतरवायचा, मधल्या यार्डांत तोडफोड नाही. पूर्वी वॅगन यार्डायार्डांत दिवसचे दिवस अडकून पडायच्या, म्हणून हा बदल झाला. कोकण रेल्वे तर त्यानंतरची, पूर्ण मार्ग खुला झाला २६ जानेवारी १९९८ ला.

बीसीएनएचएलचा पूर्ण रेक ५८ वॅगनचा. सहा_फूट यांच्या मापाने तो सव्वासात मीटर होईल.

लूपलाईन (पनवेल)

८ बाय ४ वरचा लंबगोल जेमतेम सहा मीटर भरतो. म्हणजे आंबेवाडी रोडला रेक आला की इंजिन आपल्याच ब्रेक व्हॅनच्या पाठीत शिरणार! :)

सहा_फूट

काका, तुमच्या अनुभवापुढे मी काय बोलणार. पण मग आपण मॉडेलवाल्यांनी शंटिंग करूच नये का? सगळंच नियमाप्रमाणे धरलं तर एक गाडी आली, उभी राहिली, गेली, एवढंच उरतं.

झुआरीकाठ (वास्को)

काळ मागे न्या, प्रश्न सुटतो. आमच्याकडे मुरगाव बंदरावर पोर्तुगीजांच्या वेळेपासून मीटरगेज होतं, १९९० च्या दशकात ते ब्रॉडगेज झालं. बंदर, चारचाकी वॅगन, गोदामं, खनिज. एकेक वॅगन इकडून तिकडे लावायला याहून चांगली जागा कोकण किनाऱ्यावर नाही. मीटरगेज १:८७ मध्ये साडेअकरा मिलिमीटर येतं, त्यासाठी १२ मिलिमीटरचे रूळ चालतात.

लूपलाईन

झुआरीकाठ, बंदराची कल्पना झकास. पण धागाकर्त्यांचं स्टेशन चिपळूणकडचं आहे. दिव्याहून रेल्वे पनवेलला आली १९६० च्या दशकात, रोह्याला पोचली १९८६ ला. १९७० सालचा आंबेवाडी रोड दाखवायचा तर तिथे रूळच नव्हते. चारचाकी वॅगन येणार कुठून, बोटीतून?

झुआरीकाठ

बोटीतूनच, बंदराला तेच शोभतं. :) पण मुद्दा मान्य. तरी ‘रेल्वे तीस वर्षं आधी आली असती तर’ असं धरून लेआउट करणं मला गैर वाटत नाही. आमच्या आजोबांच्या पिढीने ती वाट पाहिलीच होती.

सुरंगी (वेंगुर्ला)

मी मुलीबरोबर एन स्केल (एचओहून लहान) चालवते. आम्ही प्रत्येक वॅगनचं एक कार्ड केलंय, पत्त्याएवढं. कार्डाला खिसा आणि खिशात चिठ्ठी: कुठून, कुठे, काय माल. चिठ्ठीच्या चारही कडांना चार फेऱ्या लिहिल्यात. एक फेरी झाली की चिठ्ठी फिरवायची. रिकामी आली, भरून गेली, परत रिकामी आली, मग दुरुस्तीला गेली. या चिठ्ठ्यांची पद्धत परदेशी मंडळी फार वर्षांपासून वापरतात.

एप्रिल-मेमध्ये चिठ्ठ्या बदलतो. तेव्हा पार्सल व्हॅनला हापूसच्या पेट्या आणि तिला सगळ्यांच्या आधी वाट. मुलीने पेटीवर पेंढा दिसावा म्हणून झाडूची काडी चिरून चिकटवली आहे. रूळ तेच, पण माल ठरला की खेळायला बसल्यावर उठवत नाही. खाडीकाठ, तुमच्या मुलाने मालच विचारलाय ना? मग आधी माल ठरवा, रूळ नंतर.

तिरफळ (कुडाळ)

सुरंगीताई, पेंढ्याची आयडिया लय बरी! माझो झील ह्यो धागो वाचून माझ्या मागे लागलोहा. खंयचा इंजिन घेव, किती खर्च, पयलो रूळ खंय घालू, सगळा विचारता. आमच्या खळ्यात पावसात काय टिकाचा नाय, तेवढा कोणतरी सांगा.

खाडीकाठ

तिरफळ, माळ्यावरसुद्धा तोच त्रास. पहिल्या पावसाळ्यात साधं प्लाय फुगलं, मग मरीन प्लाय आणलं आणि कडांना दोन हात वॉर्निश. लोखंडी रूळ घेऊ नका, आठ दिवसांत तांबेरा येतो. निकेल सिल्व्हरचे घ्या. तेही काळवंडतात, पण आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या फडक्याने पुसले की इंजिन परत धावतं. वाळवीसाठी पाय टेबलाचे असोत की घडवंचीचे, भिंतीपासून वीतभर लांब ठेवा.

लूपलाईन

शंटिंग करायचं तर रूळ पुसण्याला पर्याय नाही. गरगर फिरणारी गाडी घाणीवरून वेगात निघून जाते, शंटिंगचं इंजिन तिथेच मरतं. पॉइंटच्या फ्रॉगमध्ये, म्हणजे दोन रूळ एकमेकांना छेदतात त्या भागात, वीज नसेल तर तिथेही. माझ्या इंजिनात क्षणभराची वीज साठवणारा कपॅसिटर बसवल्यापासून हा त्रास संपला.

चुंबक (मालवण)

कपलिंगचं, म्हणजे वॅगन एकमेकींना जोडणाऱ्या कडीचं, कोणी बोललंच नाही. ते नीट नसेल तर बाकी सगळं फुकट.

आपल्या आजच्या वॅगनना सेंटर बफर कपलर असतो, मूठ आवळल्यासारखा. म्हणून केडी कंपनीचे एचओ कपलर आपल्या वॅगनवर दिसायलाही बरोबर दिसतात. रुळांमध्ये चुंबक बसवला तर वॅगन हात न लावता सुटते: चुंबकावर थांबा, किंचित मागे या, ढिलं पडलं की कपलर उघडतो. पण माझ्या वर्कबेंचवर चुंबक पडूनच आहेत, कारण मला काडीने सोडवायला जास्त आवडतं. उदबत्ती जळून उरलेली बांबूची काडी घ्या, टोक चपटं तासा, दोन कपलरच्या मध्ये वरून घालून अर्धी फिरवा. खट् करून सुटते. तो क्षण म्हणजे पॉइंट्समनने रॉड ओढल्यासारखाच. एका उदबत्तीत दोन हत्यारं होतात.

वजनही बघा. हलकी वॅगन ढकलताना रुळावरून उतरते. परदेशी क्लबांचा हिशोब आहे: एचओला १ औंस, अधिक दर इंचाला अर्धा औंस. तुमच्या साडेबारा सेंमीच्या वॅगनला शंभर ग्रॅमच्या आसपास. मी जाळ्याला लावायचं शिसं वापरतो, आमच्याकडे ते सहज मिळतं. हाताळल्यावर हात साबणाने धुवा आणि पोरांना ते काम देऊ नका.

सहा_फूट

चुंबकभाऊ, उदबत्तीची काडी आजच करून पाहिली. बहाद्दर! माझं प्लॅस्टिकचं हत्यार आता कपाटात.

लूपलाईन

मला मात्र इंगलनूकबद्दल अजून खटकतंय. ते कोडं आहे, रेल्वे नाही. अमेरिकन मॉडेलर जॉन ॲलनचं टाइमसेव्हर हे कोडं त्याहून पुढचं, तिथे तर मुद्दाम अडचणीचे रूळ घातलेत. खऱ्या स्टेशनवर कोणी असे रूळ घालणार नाही. कोडं सुटल्याचा आनंद वेगळा, गाडी पोचवल्याचा वेगळा. मला दुसरा हवा.

सहा_फूट

मला दोन्ही हवेत. पण तुम्ही म्हणता तो फरक आहे, हे मानतो.

ब्रेकव्हॅन

मागचा प्रतिसाद लिहून झोपलो, पण मनाला लागून राहिलं की पोराच्या प्रश्नाला मी ‘नाही’ म्हणून मोकळा झालो. ब्लॉक रेक आला म्हणून शंटिंग संपलं नाही. फक्त कारण बदललं. आता नीट सांगतो.

मालधक्क्याची लाईन पुष्कळदा पूर्ण रेकएवढी लांब नसते. मग रेक अर्धा-अर्धा करून लावतात. खाडीकाठ, तुमच्या सहा वॅगन म्हणजे तुमचा पूर्ण रेक आणि सायडिंगमध्ये तीन मावतात. तुमच्याकडे हे आयतं आहे!

समजा गाडी रोह्याकडून, म्हणजे डावीकडून आली. लूपमध्ये घ्या. तुमची सायडिंग गाडीच्या तोंडाच्या दिशेने फुटते, इंजिन पुढे असताना आत गेलं तर तिथेच अडकेल. म्हणून इंजिन सोडा, मेन लाईनवरून मागे आणा आणि ब्रेक व्हॅनला लावा. सगळा रेक डावीकडे ओढा, पॉइंट फिरवा, पुढच्या तीन वॅगन धक्क्यावर ढकला आणि तोडा. उरलेल्या तीन लूपमध्ये ठेवा. धक्क्यावरचा माल उतरला की ब्रेक व्हॅनसकट इंजिन आत जाऊन रिकाम्या तीन बाहेर ओढेल, लूपमधल्या भरलेल्या तिनांना लावेल. पुन्हा सगळं डावीकडे ओढा. आता भरलेल्या तीन टोकाला आल्या, त्या धक्क्यावर. रिकाम्या लूपमध्ये. शेवटी त्याही रिकाम्या झाल्या की काढून लूपमधल्यांना जोडा आणि इंजिन फिरवून उजव्या टोकाला. कागदावर काढून बघा, ब्रेक व्हॅन आपोआप शेपटीलाच राहते. एकही वॅगन उगाच हललेली नाही, प्रत्येक हालचालीला कारण आहे.

दुसरं, सिक वॅगन, म्हणजे बिघडलेली. सी अँड डब्ल्यूवाल्याला, म्हणजे वॅगन तपासणाऱ्याला, ॲक्सल गरम लागला की ती वॅगन पुढे जात नाही. रेकच्या मधली असेल तर रेक फोडून तिला काढायचं, बाजूला लावायचं आणि उरलेला रेक जोडून न्यायचा.

तिसरं, वेग. शंटिंगला १५ किलोमीटरची मर्यादा. १:८७ मध्ये हे सेकंदाला पाच सेंटिमीटरपेक्षाही कमी होतं. तुमचा रेक स्वतःच्या लांबीइतका सरकायला अठरा-वीस सेकंद लागले पाहिजेत. व्हिडिओंत वॅगन आपटतात तशा आपटू नका. आत सिमेंट आहे, खत आहे, बाहेर माणूस उभा आहे.

आणि त्या माणसाबद्दल. एक श्रावणातली रात्र मला अजून जशीच्या तशी आठवते. पाऊस असा की रेनकोटच्या टोपीवर त्याचाच आवाज, बाकी काही ऐकू येत नाही. अर्धा रेक आत ढकलायचा होता. ड्रायव्हरला मी दिसत नव्हतो, फक्त माझ्या हातातला दिवा. हिरवा दिवा सावकाश वर-खाली म्हणजे माझ्यापासून लांब जा. अंगासमोर आडवा हलवला तर माझ्याकडे ये. दिवा दिसेनासा झाला की ड्रायव्हरने थांबायचं. मधे एका चिखलाच्या खड्ड्यात पाय गेला आणि दिवा वॅगनच्या आड झाला. गाडी जागच्या जागी थांबली. ड्रायव्हरने शिट्टीही मारली नाही, वाट बघितली. मी उठून दिवा दाखवला तेव्हाच चाक हललं. भिजलेल्या गोण्यांचा वास आणि ते थांबलेलं इंजिन मी विसरलेलो नाही. त्या ड्रायव्हरने नियम पाळला म्हणून आज इथे लिहितोय.

तुमच्या माळ्यावर पोराच्या हातात हिरवा कागद लावलेली बॅटरी द्या. कंट्रोलर तुमच्याकडे, रुळांकडे नजर त्याची. तुम्ही फक्त दिवा बघून चालवा.

सुरंगी

काका, वाचताना अंगावर काटा आला. तुमचे हे तीन मुद्दे मी आमच्या कार्डांत घालणार. सिक वॅगनसाठी फासा टाकू, सहा पडले की ज्या वॅगनवर बोट ठेवलं ती सिक.

झुआरीकाठ

मीटरगेजचा हट्ट सोडतो. अर्धा रेक हाच या धाग्याचा हापूस.

लूपलाईन

एक भर घालतो. कोकण रेल्वेचा बराच मार्ग एकेरी आहे. रेक डावीकडे ओढला की तुमची मेन लाईन अडते. म्हणून किचनमधला टायमर लावा. घंटा वाजली की मांडवी एक्सप्रेस आली: मेन लाईन मोकळी, सगळ्या वॅगन लूपच्या किंवा सायडिंगच्या आत, आणि गाडी जाईपर्यंत हात बांधून उभं राहायचं. पावसाळी वेळापत्रक लागलं की टायमरमध्ये पाच मिनिटं जास्त. याने आपसूकच विचार करावा लागतो की आधी कुठली हालचाल.

मालासाठीही आपल्या भागातलंच बघा. थळच्या आरसीएफ कारखान्याला पेणहून मालवाहतुकीची लाईन आहे. खताच्या गोण्या आणि बंद वॅगन ही जोडी अस्सल.

रोरो_ट्रक (कोलाड)

धक्क्याच्या शेजारी वीतभर जागा उरली तर रॅम्प करा. कोलाड ते वेर्णा रोरो, म्हणजे ट्रकच वॅगनवर चढवून नेणारी गाडी, १९९९ पासून चालू आहे. ट्रक मागून चढतो आणि सपाट वॅगनवरून वॅगनवर चालत पार पुढे जातो. लहान मुलांना हे हाताने करायला फार आवडतं. त्यात शंटिंग नाही हे खरं.

तिरफळ

गणपतीत मखराच्या बाजूक आंबेवाडी रोड मांडा, खाडीकाठनू! चाकरमानी गाडीत, गणपती मखरात, मालगाडी लूपमध्ये उभी, आधी पॅसेंजरांका वाट. आरती झाली की पोरांची रांग लागतली.

खाडीकाठ

तिरफळ, गणपतीचं ठरलं.

सगळ्यांचे आभार. काल रात्री काकांनी सांगितलं तसं करून पाहिलं. एकही नवीन रूळ घातला नाही.

कार्ड: खताच्या गोण्या, सहा वॅगन, दोन पाळ्यांत उतरवणे. मुलाने हिरवा पतंगाचा कागद बॅटरीवर रबरबँडने लावला. माळ्यावरचा दिवा बंद केला, बाहेर पाऊस होताच. पहिल्यांदा इंजिन फिरवून आणतानाच घंटा झाली आणि मांडवीसाठी सगळं थांबलं. तो हात बांधून उभा राहिला, मीही. दुसऱ्यांदा रेक ढकलताना त्याची बॅटरी हातातून सुटली आणि अंधार झाला. मी थांबलो. तो अंधारातच म्हणाला, “बाबा, बरोबर थांबलात.” मग बॅटरी शोधली आणि पुन्हा वर-खाली.

उदबत्तीच्या काडीने पहिल्या तीन वॅगन त्यानेच तोडल्या. धक्क्यावर लागल्या तेव्हा त्याने कार्ड फिरवलं आणि मोठ्याने वाचलं: “रिकामी.” दोन वर्षांत पहिल्यांदा आंबेवाडी रोडला माल उतरला. सगळं मिळून पन्नास मिनिटं लागली. त्यातली गाडी चालली ती दहा मिनिटं असेल, उरलेला वेळ आम्ही दोघं पुढची हालचाल ठरवत होतो.

फाश्यावर सहा पडले ते अगदी शेवटी, रेक जोडून झाल्यावर. चौथी वॅगन सिक. पुन्हा फोडला. ती आता धक्क्यावर एकटी उभी आहे, खडूने ‘सिक’ लिहिलेली, आणि पाच वॅगनची गाडी रत्नागिरीकडे गेली. झोपताना मुलाने विचारलं की दुरुस्तीवाला रात्री येतो का सकाळी. काका, तेवढं सांगा, त्याला शाळेला जायच्या आधी चिठ्ठी फिरवायची आहे.

ब्रेकव्हॅन

सकाळी येतो म्हणावं. पण वॅगन तशीच सोडायची नाही. हँडब्रेक आवळला का, चाकाखाली लाकडी पाचर लावली का, ते आधी बघून यायला सांगा त्याला.